डब्याचा दर वाढवताना: घरगुती डबा चालवणाऱ्यांसाठी हिशेबापासून निरोपापर्यंत

घरगुती डबा चालवणाऱ्या कोणाशीही बोला, दर वाढवायची कारणं तोंडपाठ असतात. तेल वाढलं, डाळ वाढली, सिलिंडर वाढला, पोळीवाल्या ताईंनी पगार वाढवून मागितला आणि तो द्यावाही लागला. दर मात्र तोच. पुढच्या महिन्यात बघू म्हणता म्हणता तीन वर्षं निघून जातात. कोणाला गिऱ्हाईक तुटायची भीती असते, तर कोणाला वाटतं, बाहेरगावची पोरं आहेत, आईबापांच्या पैशावर शिकतात, त्यांच्याकडून कसं मागायचं?

माझं मत स्पष्ट आहे. कारणं कितीही असली तरी हातात आकडा नसेल तर दर वाढवायचं धाडस होत नाही, आणि केलं तरी पहिल्याच फोनवर पाय मागे घेतला जातो. आकडा असेल तर आवाज आपोआप शांत राहतो. म्हणून या लेखात गिऱ्हाइकाला काय सांगायचं हे बरंच नंतर येईल. आधी वही-पेन घेऊन बसू.

नमुन्यासाठी पुण्यातला एक घरगुती डबा धरू. फक्त दुपारचे ६० डबे आणि रविवारी सुट्टी, म्हणजे महिन्याचे २६ दिवस. डब्यात चार पोळ्या, भाजी, आमटी, भात आणि कोशिंबीर किंवा लोणचं. दर ८० रुपये, महिन्याचे २,०८०. गेली तीन वर्षं हाच दर आहे. खालचे भाव नमुन्याचे आहेत. त्या जागी तुमच्या किराणावाल्याचे आणि तुमच्या मंडईचे भाव घाला.

एका डब्याला किती लागतं, ते तोलून बघा

अंदाज नको, वजनकाटा घ्या. एक दिवस सगळं तोलून करा आणि तोलतानाच वहीत लिहा, संध्याकाळी आठवून नाही. हात सरावलेला असला की आपण मोजत नाही. मुठीने, वाटीने, डोळ्याने घालतो आणि चव बरोबर येते. पण हिशेबाला मूठ चालत नाही.

आपल्या नमुन्यात २४० पोळ्यांना साडेआठ किलो कणिक लागली. गहू आणि दळण मिळून ४२ रुपये किलो पडले, म्हणजे डब्यामागे ६ रुपये. तांदूळ ३ किलो ६०० ग्रॅम, ६० रुपयांनी, डब्यामागे ३ रुपये ६० पैसे. तूरडाळ १ किलो ८०० ग्रॅम, १३० रुपयांनी, ३ रुपये ९० पैसे. भाजी ९ किलो, सरासरी ६० रुपयांनी, ९ रुपये. तेल दीड लिटर, १५० रुपयांनी, पावणेचार रुपये. मसाला, गूळ, चिंच, दाण्याचं कूट, खोबरं, कोथिंबीर असं मिळून ४ रुपये. कोशिंबीर-लोणच्याचे ३. सगळं मिळून ३३ रुपयांच्या थोडं वर जातं. ऐन वेळी न गेलेला डबा, उरलेला भात, करपलेल्या पोळ्या यांचा १ रुपया धरा. झाले ३४.

भाजीच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळा. पहिली म्हणजे वजन विकत घेतल्याचं धरा, कढईत पडल्याचं नाही. मटाराच्या शेंगा दोन किलो घेतल्या तर दाणे फार तर किलोभर निघतात. फ्लॉवरचा देठ आणि पाला जातो, मेथीच्या काड्या जातात, आणि पैसे तर सगळ्याचेच मोजलेले असतात. दुसरी म्हणजे भाव एका दिवसाचा धरू नका, चार आठवड्यांची सरासरी काढा. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या पार गेला होता. तो भाव धरून कोणी दर ठरवला असता तर पुढे दिवाळीला गिऱ्हाइकाने विचारलंच असतं, टोमॅटो उतरला, मग डबा कधी उतरणार?

आता गॅस. नवा सिलिंडर जोडला की पाटीवरच्या खडूने त्यावर तारीख लिहा. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर आपल्याकडे सहा दिवस पुरतो आणि १,८०० रुपयांना पडतो असं धरलं, तर ३६० डब्यांमागे १,८००, म्हणजे डब्याला ५ रुपये. या सिलिंडरचा भाव तेल कंपन्या साधारण दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात, म्हणून ही ओळ दर महिन्याला तपासा. पुष्कळ घरांत १४.२ किलोचा घरगुती सिलिंडरच धंद्याला वापरतात. ते नियमात बसत नाही. शिवाय त्यावर बेतलेला दर उद्या व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागला की कोसळतो. हिशेब १९ किलोवाल्यावरच करा.

एकूण ३९ रुपये. डबा केला तरच लागणारा हा खर्च आहे. ८० मधून ३९ गेले, डब्यामागे ४१ सुटले. हा ४१ चा आकडा पुढे वारंवार लागेल.

महिन्याचा बांधील खर्च आणि तुमची स्वतःची मजुरी

डबे ६० जावोत की ५५, काही खर्च तेवढाच राहतो. डबे पोचवणाऱ्या दादाचे पेट्रोलसकट १५,०००, पोळीवाल्या ताईंचे १०,०००, चिरणं-भांडी करणाऱ्या मावशींचे ६,०००, आणि वीज, पाणी, साबण, फोन, डब्यांची झीज यांचे ४,०००. मिळून ३५,०००.

महिन्याचे १,५६० डबे गुणिले ४१, म्हणजे ६३,९६०. त्यातून ३५,००० गेले की उरतात २८,९६०. इथपर्यंत हिशेब पुष्कळजणी करतात आणि "वाईट नाही" म्हणून वही मिटतात.

वही मिटू नका. तुमचे तास मोजा. पहाटे पाचला गॅस पेटतो, डबे निघून ओटा आवरेपर्यंत दोन वाजतात. हे नऊ तास झाले. संध्याकाळी मंडई, निवडणं, उद्याची डाळ-उसळ भिजवणं, हिशेब आणि फोन यांत दोन तास जातात. दिवसाचे अकरा, महिन्याचे २८६ तास. ही मजुरी कोणी तुम्हाला वेगळी देत नाही, म्हणून ती खर्चात धरायची राहते, आणि दर कमी राहण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. उद्या तुम्ही आजारी पडलात आणि कोणाला कामाला लावावं लागलं, तर तो माणूस फुकट राबणार नाही. स्वतःच्या घरातली खोली धंद्याला दिली असेल तर तिचं भाडंही याच ओळीत यायला हवं. इथे हिशेब सोपा राहावा म्हणून ते सोडून देऊ.

खाडा: दरात न दिसणारी सूट

डब्याच्या धंद्यात ही जागा सगळ्यात जास्त गळते आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. गिऱ्हाईक गावाला गेलं, ऑफिसात पार्टी निघाली, परीक्षा संपली, की खाडा लागतो आणि त्या दिवसाचे ८० रुपये महिनाअखेरीस वजा होतात. गिऱ्हाइकाला हे न्याय्य वाटतं, तुम्हालाही वाटतं. पण तुमचे वाचतात किती? आदल्या रात्री कळलं असेल तर शिध्याचे ३४. गॅस तेवढाच जळतो, कारण पातेलं तेच असतं. दादा त्याच रस्त्याने जातो, पोळीवाल्या ताईंचा पगार तोच. म्हणजे एका खाड्यामागे ४६ रुपये तुमच्या खिशातून जातात. सकाळी नऊला "काकू, आज डबा नको" असा मेसेज आला तर शिधाही वाचत नाही, पूर्ण ८० जातात.

माणशी महिन्याला दोन खाडे धरले तर १२० खाडे, तेही सगळे वेळेत कळवलेले, असं उदारपणे धरू. १२० गुणिले ४६ म्हणजे ५,५२०. २८,९६० मधून ते गेले, उरले २३,४४०. त्याला २८६ तासांनी भागलं की ताशी ८२ रुपये येतात.

पोळीवाल्या ताई दिवसाचे चार तास येतात, महिन्याचे १०४ तास. १०,००० भागिले १०४, म्हणजे ताशी ९६. त्यांना मिळतंय ते काही जास्त नाही. पण धंदा तुमचा, जोखीम तुमची, पहाटेची झोप तुमची, आणि तासाला सगळ्यात कमी पैसे तुम्हालाच. ही ओळ स्वतःच्या अक्षरात लिहिलेली बघितली की दर वाढवायची लाज बरीचशी जाते.

म्हणून दर वाढवण्याआधी, किंवा निदान त्याच्या सोबत, खाड्याचा नियम नीट करा. मला पटतो तो असा: महिन्याऐवजी २६ डब्यांचं कार्ड विकायचं. खाडा आदल्या रात्री आठच्या आत कळवला तर तो डबा पुढे सरकतो, पैसे परत मिळत नाहीत. आठनंतर कळवला तर डबा लागलाच. एका कार्डावर चार खाडे चालतील, त्याहून जास्त नाही, आणि कार्ड ३५ दिवसांत संपवायचं. सलग आठवडाभर गावाला जाणाऱ्याने आधी सांगितलं तर ते वेगळं धरायचं. पैसे वजा होण्याऐवजी डबा पुढे गेला की तुमची विक्री बुडत नाही, आणि गिऱ्हाइकाचंही नुकसान होत नाही.

कार्ड म्हटलं की पैसे आधी. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका महिनाभर गिरणी कामगारांना उधारीवर जेवू घालायच्या आणि किराणा भरायला सावकाराकडे जायच्या. पगार झाला की कामगार पैसे द्यायचा, तोवर व्याज चढलेलं असायचं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना एकत्र आणून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. आज फोनवरून दोन मिनिटांत पैसे येतात. तरीही महिना संपल्यावर पैसे घेत असाल, तर गिऱ्हाइकाचा किराणा तुम्ही तुमच्या पैशाने भरताय.

किती वाढवायचा

रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के आहे, खालीवर २ टक्क्यांची मुभा. महागाई अगदी शहाण्यासारखी ४ टक्क्यांवर राहिली तरी ८० रुपयांचे तीन वर्षांत ९० होतात. म्हणजे तीन वर्षांनी ९० मागणं ही वाढ नाहीच, तुम्ही तीन वर्षांपूर्वी होता तिथे परत येणं आहे. आपल्या नमुन्यात ९० धरू.

आता भीतीचा हिशेब. "गिऱ्हाईक तुटलं तर?" या प्रश्नाला आकड्यात उत्तर आहे. आज ६० डब्यांवर दिवसाला ६० गुणिले ४१, म्हणजे २,४६० सुटतात. दर ९० केला की डब्यामागे ५१ सुटतील. २,४६० ला ५१ ने भागलं तर ४८ च्या किंचित वर येतं. म्हणजे ४९ डबे राहिले तरी आजच्याइतकेच पैसे सुटतात, आणि अकरा डब्यांचं काम कमी होतं. फक्त ५ रुपये वाढवून ८५ केला तर ४६ सुटतात, आणि ५४ डबे टिकावे लागतात. स्वतःपुरतं सूत्र लक्षात ठेवा: वाढीला (जुने सुटणारे पैसे अधिक वाढ) याने भागा. १० भागिले ५१, साधारण २० टक्के. इतके डबे गेले तरी खड्डा पडत नाही.

साठातले अकरा जण १० रुपयांसाठी एकदम डबा सोडतील का? तुमच्या साठ जणांची नावं वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे मनाशी खूण करा. भीती "गिऱ्हाईक" या घोळक्याची असते. नावं लिहिली की कळतं, जाणारे फार तर चार-पाच आहेत, आणि ते कोण हेही कळतं.

सगळे राहिले तर? खाडे वगळून महिन्याचे १,४४० डबे, प्रत्येकी १० जास्त, म्हणजे १४,४०० रुपये. २३,४४० चे ३७,८४० होतात, ताशी १३२ रुपये. १० रुपयांत केवढा फरक पडतो ते इथे दिसतं, कारण वाढलेला रुपया जवळजवळ सगळा तुमच्या मजुरीत जमा होतो.

८७ किंवा ९१ असले आकडे टाळा. सुट्ट्यांची आणि गुणाकाराची कटकट होते. आणि दर सहा महिन्यांनी दोन-तीन रुपये वाढवण्यापेक्षा वर्षातून एकदाच वाढवा. प्रत्येक वाढीला गिऱ्हाईक नव्याने विचार करतं, डबा घ्यायचा की नाही. तो विचार त्याला वर्षातून दोनदा करायला लावू नका.

डब्यातून काढू नका

दर न वाढवता पोळी पातळ करायची, आमटीत पाणी वाढवायचं, भाजीत बटाटा वाढवायचा, तेल उतरत्या प्रतीचं आणायचं, हा रस्ता सोपा वाटतो कारण कोणाला काही सांगावं लागत नाही. पण रोज डबा उघडणाऱ्या माणसाच्या जिभेला ते आठवड्यात कळतं. तो तक्रार करत नाही, फक्त महिनाअखेरीस "जरा बंद करतोय" म्हणतो आणि खरं कारण तुमच्यापर्यंत पोचतच नाही. दरामुळे गेलेलं गिऱ्हाईक चवीचं नाव घेत परत येऊ शकतं. चवीमुळे गेलेलं परत येत नाही, आणि चार जणांना सांगतं.

कमी पैशांत काही द्यायचंच असेल तर ते उघडपणे द्या. तीन पोळ्या, भाजी आणि कोशिंबिरीचा छोटा डबा ७० रुपयांना ठेवा. ऑफिसातले पुष्कळ जण भात परतच पाठवतात, त्यांना तो आवडेलही. त्याचा शिधा आणि गॅस मिळून साधारण २६ रुपये लागतात, म्हणजे ४४ सुटतात. जुन्या ८० च्या पूर्ण डब्यात ४१ सुटत होते. पैशांची अडचण असणाऱ्याला वाट मिळाली आणि तुम्हीही तोट्यात नाही.

आधी नव्यांना

जुन्या गिऱ्हाइकांना सांगण्याच्या महिनाभर आधीपासून फोन करणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला नवाच दर सांगा. "डबा कसा आहे?" "नव्वद रुपये." एवढंच, पुढे "पण" नाही. नव्याला जुना दर माहीतच नसतो, त्यामुळे तो तुमच्या डब्याची तुलना तुमच्या कालच्या डब्याशी करत नाही, हॉटेलच्या थाळीशी करतो. आलेल्या फोनांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी डबा सुरू केला तर दर बाजारात बसतो आहे. बहुतेकांनी "कळवतो" म्हणून फोन ठेवला, तर मात्र थांबा आणि आजूबाजूचे डबे काय देतात ते बघा.

वेळेचं म्हणाल तर पुण्यात जून-जुलै सगळ्यात बरा. कॉलेजं सुरू होतात, सदाशिव-नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं येत असतात, नवे फोन रोज येतात, त्यामुळे गेलेली जागा लवकर भरते. एप्रिल-मे नको, मुलं गावाला जातात आणि खोल्या रिकाम्या होतात. गणपती आणि दिवाळीच्या तोंडावरही नको. घराघरात खर्च निघालेला असतो, आणि तुमच्याकडेही फराळाच्या ऑर्डरी चालू असतात.

निरोप कसा लिहावा

महिनाभर आधी, लेखी आणि सगळ्यांना एकाच दिवशी. कारणांची यादी नको. तेल, डाळ, गॅस, पेट्रोल असं लिहिलं की प्रत्येक ओळीवर वाद घालता येतो. "माफ करा", "नाइलाजाने", "समजून घ्याल" हे शब्दही नकोत. तुम्ही काही चुकीचं करत नाही आहात. नवा दर, तारीख, डब्यात काय मिळणार, आधी भरलेल्या पैशांचं काय आणि फोन कधी करायचा, एवढंच हवं. असं:

"नमस्कार. १ जुलैपासून दुपारच्या डब्याचा दर ९० रुपये होईल, २६ डब्यांचं कार्ड २,३४० रुपये. डब्यात काहीही कमी होणार नाही: चार पोळ्या, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर किंवा लोणचं. ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत त्यांना ते कार्ड संपेपर्यंत जुनाच दर. भात-आमटी नको असणाऱ्यांसाठी तीन पोळ्या-भाजीचा छोटा डबा ७० रुपयांना सुरू करत आहोत. खाड्याचा नवा नियम खाली दिला आहे. काही विचारायचं असेल तर दुपारी ३ ते ५ या वेळेत फोन करा."

फोनची वेळ मुद्दाम दिली आहे. सकाळी अकराला, डबे भरताना आलेल्या फोनवर माणूस घाईत "बरं, तुम्हाला जुनाच दर" बोलून जातो.

काही जणांना मेसेज जाण्याआधी स्वतः फोन करा. एकटे राहणारे आजी-आजोबा, ज्यांचा मुलगा अमेरिकेतून पैसे पाठवतो, त्यांना मेसेज कळतोच असं नाही. त्या मुलालाही वेगळा निरोप पाठवा. बहुतेक वेळा त्याला १० रुपयांचं काही वाटत नाही. डबा वेळेवर आणि कमी तिखट मिळतो ना, एवढाच त्याचा प्रश्न असतो. पहिल्या दिवसापासूनच्या गिऱ्हाइकांनाही फोनच करावा.

आणि डबे पोचवणाऱ्या दादाला सगळ्यात आधी सांगा. दारात पहिला प्रश्न त्यालाच येतो. त्याने "मला नाही माहीत" म्हणणंही वाईट आणि "लई महागाई झालीय हो" म्हणत गप्पा मारणंही वाईट. "हो, १ तारखेपासून नव्वद, ताईंशी बोला" एवढं त्याला शिकवून ठेवा.

फोन येतील तेव्हा

बहुतेक जण काहीच म्हणत नाहीत. जे म्हणतात त्यांची वाक्यं ठरलेली असतात.

"काकू, आमच्या होस्टेलखाली सत्तरला मिळतो."
"मिळत असेल रे. मला नव्वदच्या खाली पूर्ण डबा परवडत नाही. सत्तरचा छोटा डबा आहे माझ्याकडे, तो चालेल का बघ."

दुसऱ्याच्या डब्याला नावं ठेवायची नाहीत. त्या मुलाने तो डबा खाऊन बघितलेला असतो.

"अहो ताई, आम्ही इतकी वर्षं तुमच्याकडून घेतोय."
"हो आजोबा, म्हणून तर आधी तुम्हाला फोन केला. तुमच्यासाठी ऑगस्टअखेरपर्यंत जुना दर ठेवते. १ सप्टेंबरपासून मात्र सगळ्यांसारखा."

सवलत द्यायची तर अशी, तारीख घालून. आणि कोणालाही सांगता येईल असं कारण तिला हवं. जुनं गिऱ्हाईक म्हणून दोन महिने, एका गेटवर पाचहून जास्त डबे असतील तर डब्याला ३ रुपये कमी कारण दादाची फेरी वाचते, तीन कार्डांचे पैसे एकदम भरले तर एक डबा जास्त. गुपचूप दिलेली सूट सोसायटीच्या लिफ्टमध्ये उघडी पडते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना ८० आणि चौथ्यावरच्यांना ९० हे कळलं की दोघीही दुखावतात.

कोणी आवाज चढवला तरी हिशेब समजावत बसू नका. हिशेब तुमच्यासाठी केला होता, त्याची तपासणी गिऱ्हाइकाने करायची नाही. "तुम्हाला जमत नसेल तर मी समजू शकते. ३० तारखेपर्यंत डबा येईलच" म्हणा आणि शेवटचा डबा पहिल्याइतकाच चांगला पाठवा.

पहिले दोन महिने

पहिल्या आठवड्यात तीन-चार जण थांबतील. लगेच घाबरून जुना दर परत आणू नका. एकदा मागे घेतलेला दर वर्षभर पुन्हा उचलता येत नाही. गेलेल्यांची नावं आणि सांगितलेलं कारण वहीत लिहा. ४९ च्या खाली जाईपर्यंत तुमच्या पैशांत खड्डा नाही, ही ओळ त्याच पानावर वर लिहून ठेवा. डबे खाली गेलेच, तर दर उतरवण्याआधी परत आलेले डबे उघडून बघा. भाजी उरतेय की भात, कोणत्या वारी जास्त उरतंय. त्यावरून दुखणं दराचं आहे की रांधण्याचं, ते कळतं.

वाढलेल्या पैशांतला वाटा मदतनिसांना त्याच महिन्यात द्या. १४,४०० मधले दीड-दोन हजार पोळीवाल्या ताई, मावशी आणि दादा यांच्यात वाटले तर तुमच्या मजुरीला फारसा धक्का लागत नाही. तोच पगार दिवाळीत रडतखडत वाढवण्यात ती मजा नाही. ताई टिकल्या तर पोळी टिकते, आणि डबा पोळीवरच ओळखला जातो.

सोडून गेलेले काही जण महिन्या-दोन महिन्यांनी परत फोन करतात. आनंदाने घ्या, नव्या दराने घ्या, आणि "बघा, आलात ना" असं काही म्हणू नका.

पुढच्या वर्षासाठी तारीख आत्ताच ठरवा आणि कार्डाच्या मागे छापा: "दराचा आढावा दरवर्षी १ जुलैला." मग वाढ ४-५ रुपयांची राहते आणि कोणाला धक्का बसत नाही. एखाद्या वर्षी हिशेबात गरज दिसली नाही तर वाढवू नका, आणि तसा मेसेज मात्र आवर्जून पाठवा.

डबे वाढत असतील तर अजून एक आकडा नजरेत ठेवा. महिन्याचे १,५६० डबे ९० रुपयांनी म्हणजे वर्षाचे जवळपास १७ लाख. या व्यवसायाला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे आणि त्याच पॅनवर होणारी इतर विक्रीही, म्हणजे दिवाळीचा फराळ वगैरे, त्यात धरली जाते. रात्रीचा डबा सुरू केलात तर ती मर्यादा पहिल्याच वर्षी ओलांडाल. नोंदणी झाली की साधारण ५ टक्के कर लागतो आणि किराणा-गॅसवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. ९० चा डबा गिऱ्हाइकाला साडेचौऱ्याण्णवला पडेल, नाहीतर सव्वाचार रुपयांच्या थोडे वर तुमच्या ५१ मधून जातील. म्हणून रात्रीच्या डब्याची जाहिरात करण्याआधी कर सल्लागाराकडे एकदा बसा, आणि त्या डब्याचा दर पहिल्या दिवसापासून कर धरूनच सांगा.